बोटं आहेत

बाळीच्या पोटाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि डॉक्टरांना तिच्या तोंडून एकच उत्तर मिळत होतं. बरं आहे. सकाळी विचारा, दुपारी विचारा, टाके बघताना विचारा, बरं आहे. बाळी माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. वय बासष्ट. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली, पण लहानपणचं नाव चिकटलं ते चिकटलंच. घरात आम्ही दोघीच. ती पाच वर्षांची असल्यापासून मीच तिला सांभाळलं, आणि अलीकडे तीच मला सांभाळते.

शुक्रवारी दुपारी दीड-दोनच्या सुमारास तिथला तरुण डॉक्टर मला खोलीबाहेर घेऊन गेला. आजी, एक विचारू का, म्हणाला. मला वाटलं आता बिछाना रिकामा करायला सांगतोय की काय. पण त्याला विचारायचं होतं ते वेगळंच. या बाई खरं सांगतात का?

मग त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितलं. आतड्याचा खराब तुकडा काढून दोन टोकं जोडली होती. तो जोड पाझरत असला तर पोटात विष पसरतं. रक्ताचा रिपोर्ट धड इकडचा ना तिकडचा, फोटोत नीट काही दिसत नाही, ताप आहे पण किंचित. अशा वेळी त्यांची सगळी भिस्त दुखण्यावर. दुखत असेल तर आजच्या आज पोट पुन्हा उघडायचं. दुखत नसेल तर तिचं हृदय आधीच नाजूक, लागोपाठ दुसऱ्यांदा भूल देणं धोक्याचं, म्हणून सोमवारपर्यंत थांबायचं. आणि जोड खरंच पाझरत असेल, तर सोमवारी उघडून उपयोग नाही.

“दाबलं तरी चेहरा हलत नाही हो त्यांचा,” तो म्हणाला. “दहापैकी किती दुखतं विचारलं, तर म्हणाल्या दोन. गणिताच्या बाईंनी दोन सांगितल्यावर मी काय बोलणार?”

चार वाजता मोठे डॉक्टर येणार होते. काय ते तेव्हा ठरणार होतं.

मी आत गेले. बाळी उताणी पडली होती. वरच्या ओठावर घामाचे थेंब होते आणि खोलीत तर पंखा जोरात चालू होता. डावा हात चादरीवर मोकळा, पण उजव्या हाताने तिने पलंगाची दांडी धरली होती. अशी, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मी विचारलं, दुखतंय का गं? ती म्हणाली, बरं आहे मावशी, तू जेवलीस का?

मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि सत्तावन्न वर्षांत जे तिला सांगितलं नव्हतं ते सांगायला घेतलं.

तिला तोवर एवढंच माहीत होतं, की आई कारखान्यात थंडीनं गेली, शांतपणे गेली, शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. यातलं काहीच खोटं नव्हतं. बाकीचं मी सांगत नव्हते, इतकंच. तेव्हा तिला सांगितलं ते इथे लिहिते आहे. तिला घाईत सांगितलं, इथे जरा सावकाश.

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई म्हणायची, थोरलीला जीभ द्यायची राहून गेली, ती सगळी धाकटीच्या तोंडात कोंबली. मला दूध गरम लागायचं, पांघरूण टोचायचं, चपला चावायच्या. आणि जे व्हायचं ते मी घरभर सांगायचे. ताईची एकदा दाढ सडली. आठ दिवस ती त्याच बाजूने जेवत होती, कारण दुसऱ्या बाजूने जेवलं तर कुणाच्या तरी लक्षात येईल. गाल चेंडूएवढा सुजला तेव्हा घरात कळलं. येणारी-जाणारी माणसं तिचं कौतुक करायची. काय सोशिक पोर आहे. मग माझ्याकडे बघून सुस्कारा टाकायची.

आम्ही मटार गोठवण्याच्या कारखान्यात कामाला होतो. मटार सोलण्याचं, निवडण्याचं काम बाहेरच्या लांब शेडमध्ये चालायचं, आणि भरलेली खोकी कोल्ड स्टोरेजमध्ये रचायची. त्याला आम्ही नुसतं ‘आत’ म्हणायचो. आत उणे अठरा. ताई तिथे सात वर्षं होती, मी आठ महिने. मी एकोणीस वर्षांची होते, ताई सव्वीस. तिचं लग्न झालेलं, बाळी पाच वर्षांची. भाऊजी लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, पंधरवड्यातून एकदा घरी येणारे. म्हणून मीच ताईकडे राहायला गेले होते.

आतलं काम जोडीनंच करायचं, असा तिथला नियम होता. वीस मिनिटं आत, मग दहा मिनिटं बाहेर शेगडीपाशी. पण आत कुणाला घड्याळ दिसत नसे, त्यामुळे बायांनी आपली एक रीत पाडली होती. खोकी उचलता उचलता एकीने मधूनच विचारायचं, “बोटं?” दुसरीने सांगायचं, “आहेत.” हातापायांच्या बोटांना जाण आहे, असा त्याचा अर्थ. जिची बोटं बधिर झाली तिने “गेली” म्हणायचं. मग हातातलं खोकं तिथेच ठेवून दोघींनी बाहेर यायचं. एकीचीच गेली असली तरी दोघींनी यायचं. ही रीत मुकादमाने घातलेली नव्हती, बायांनीच घातली होती, आणि ती चांगली होती. फक्त तिच्यात सगळं उत्तर देणारीच्या खरेपणावर होतं.

ताई कधीच “गेली” म्हणत नसे. सात वर्षांत एकदाही नाही. मुकादमाला तिचं केवढं कौतुक. बायांनो, ही एक बाई बघा आणि तुम्ही एकेक कापसाच्या बाहुल्या, म्हणायचा. बायांना मात्र तिच्या जोडीला जाणं नको असायचं. तिच्यासमोर आपली बोटं गेली म्हणायची लाज वाटते, असं एकीने मला सांगितलं होतं. मला कसली लाज. माझी बोटं दर पाच मिनिटांनी जायची. मी शेगडीपाशी आले की बाया म्हणायच्या, आली किरकिरी, कान झाका.

त्या शनिवारी ताईची नेहमीची जोडीदारीण आली नव्हती, तिचं मूल तापाने फणफणलं होतं. माझी जोडीदारीण सोलायच्या मशीनवर गेली होती. मुकादमाने आम्हा बहिणींची जोडी लावली. शनिवारी अर्धा दिवस, बाराला सुट्टी. उन्हाळा होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत आम्ही लोकरीचे दोन-दोन मोजे घालून उभ्या.

दारावर एक म्हातारे गृहस्थ असायचे, त्यांना सगळे दारकाका म्हणत. आतल्या बाजूची कडी महिनाभर मोडलेली होती, म्हणून दार लागू नये यासाठी ते खाली लाकडाची पाचर मारून ठेवायचे. आत किती गेल्या, बाहेर किती आल्या, हे ते कुठे लिहून ठेवत नसत. शेगडीपाशी कोणकोणते चेहरे आले, त्यावरून त्यांचा हिशेब. ताईचा चेहरा शेगडीपाशी क्वचितच दिसायचा. त्यामुळे तो दिसला नाही, यात त्यांना काही वेगळं वाटलं नाही. माझी जोडीदारीण मशीनवर गेलेली, तेव्हा मीही तिथेच असेन असं ते समजले. साडेअकराच्या पुढे त्यांनी शेगडीपाशी बसलेल्या बायांना विचारलं, आल्या का गं सगळ्या? कुणीतरी हो म्हणालं. त्यांनी दारातून एकदा हाकही दिली. बाहेर आल्यावर मी त्यांना कधी दोष दिला नाही, आताही देत नाही.

आम्ही अगदी मागच्या रांगेत होतो, डोक्याहून उंच थप्पीच्या पलीकडे. वरचा पंखा घरघरत होता. तरी ती हाक मी ऐकली. मी म्हणाले, ताई, कुणीतरी हाक मारतंय.

ताई म्हणाली, “दोनच खोकी राहिलीत. जातोच आहोत ना, ओरडायचं कशाला?”

मी एरवी ओरडलेच असते. पण ताईबरोबर काम करताना मलाही जरा चांगलं वागायची हुक्की आली होती. सकाळपासून मी स्वतःला बजावत होते, की आज कुरकुर करायची नाही. म्हणून गप्प बसले आणि खोकं उचललं. ते थप्पीवर ठेवतेय तोच धप्प असा आवाज झाला, आणि पाठोपाठ दिवा गेला. बटण बाहेरच्या बाजूला होतं.

अंधारात मी दारापर्यंत धडपडत गेले आणि लाथा मारायला लागले. ते दार वीतभर जाडीचं, दोन्ही पत्र्यांच्या मध्ये भुसा भरलेलं. उशीवर लाथा माराव्यात तसं झालं. मी ओरडले, रडले, दारकाकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. ताई आवाजाच्या रोखाने आली आणि तिने माझा दंड धरला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मिस्त्री रोज संध्याकाळी सहाला मशीन बघायला येतो, शनिवारीही येतो, म्हणाली. आता बारा वाजले असतील. तेवढा वेळ काढायचा.

ताईचा मोठेपणा इथे सांगितलाच पाहिजे. ती नसती तर पहिल्या तासातच माझे हातपाय गळाले असते. तिने अंधारात चाचपडत रिकामी खोकी शोधली, ती फाडून फरशीवर पुठ्ठ्यांचे थर घातले, भरलेल्या खोक्यांची तिन्ही बाजूंनी भिंत केली आणि वरून पुठ्ठे टाकले. पंख्याचा वारा लागेनासा झाला. कोंबड्यांचं खुराडं असतं ना, तेवढी जागा. त्यात आम्ही दोघी बसलो.

आणि मग माझी किरकिर सुरू झाली. चांगलं वागायचं सगळं विसरले. माझे पाय गेले ताई, म्हणाले. तिने माझे बूट काढले, माझी पावलं आपल्या कोटाच्या आत पोटाशी धरली. हाताला आग होतेय म्हणाले, तर ती फुंकर घालून चोळत बसली. कान तुटतायत म्हटल्यावर स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून माझ्या डोक्याला गुंडाळला. ती म्हणाली, “तुझ्या तोंडाला तेवढी थंडी वाजत नाही, हे बरंय.” मी हसले. अशा ठिकाणीसुद्धा हसले.

मधून मधून मी विचारत होते. “ताई, बोटं?”

“आहेत.”

मी किती वेळा विचारलं असेल? तीस वेळा तरी. दर वेळी तेच उत्तर, त्याच सुरात. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि मी पुन्हा माझं गाऱ्हाणं सुरू करायचे.

काही वेळाने तिने मला बूट चढवून उठवलं. बसून राहिलं की झोप येते, चाल, म्हणाली. दार ते थप्पी, थप्पी ते दार, पाय आपटत चालायचं. मी म्हणाले, तूही ऊठ. ती म्हणाली, दोघी एकमेकींवर आपटू, तू चाल, मी फेऱ्या मोजते. ती मोठ्याने मोजत होती. एकशे चाळीसच्या पुढे तिचे आकडे चुकायला लागले. एकशे बेचाळीसनंतर पुन्हा एकशे तीस आले. मी तिच्यावर चिडले, ताई, लक्ष कुठंय तुझं? ती म्हणाली, चुकलं गं. आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

तिला धड उभं राहता येत नव्हतं. हे मला नंतर कळलं.

मला मात्र एका जागी बसवेना, आणि नुसतं चालवेनाही. खोकी ओढायचा लोखंडी आकडा मला सापडला. भिंतीलगत जाड पाइप होता, तो पलीकडे मशीनच्या खोलीत जायचा. मी त्याच्यावर आकडा आपटायला लागले. पाच-दहा ठोके मारायचे, पोटभर शिव्या द्यायच्या, पुन्हा ठोके. ताई म्हणाली, मिस्त्री आल्यावर वाजव, आत्तापासून कशाला दमतेस? तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण मला धीर कुठून असणार? मी वाजवत राहिले. मिस्त्री त्या दिवशी पाचच्या आधीच आला, कारण त्याला संध्याकाळी कुठे तरी जायचं होतं. दोन मिनिटं मशीन बघून तो निघणारच होता, तेवढ्यात पाइप वाजला.

दार उघडलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. मिस्त्रीने मला उचलूनच शेगडीच्या खोलीत नेलं. ताई मागून भिंतीला हात लावत, आपल्या पायांनी चालत आली. शेगडी पेटवली, दारकाकांना बोलावणं गेलं, ते धावत आले, त्यांच्या मागून त्यांची बायको, शेजारच्या गोदामातला एक हमाल. शेगडीची ऊब लागली तसं माझ्या पायांत रक्त फिरायला लागलं. ते दुखणं कसं असतं ते मी सांगू शकत नाही. मी गुरासारखी ओरडत होते. चौघंही माझ्याभोवती. कुणी पाय धरतंय, कुणी तोंडाला चहा लावतंय.

मिस्त्रीने ताईला विचारलं, “बाई, तुम्हाला काय होतंय?”

ताई भिंतीशी बाकावर बसली होती. “मी बरी आहे,” ती म्हणाली. “आधी तिला बघा.”

आणि त्यांनी मला बघितलं. त्यांचं काय चुकलं? एक ओरडतेय आणि एक शांत बसलीय, माणूस कुणाकडे जाईल?

मी एकदा त्या सगळ्यांच्या मधून तिच्याकडे पाहिलं. कुणीतरी तिच्या हातात चहाचा पेला दिला होता. मी तिथूनच विचारलं, ताई, बोटं? ती किंचित हसली. आहेत, म्हणाली. मग माझ्या पायातून पुन्हा कळ आली आणि मी तोंड फिरवलं.

पुन्हा तिच्याकडे कुणीतरी पाहिलं तेव्हा ती तशीच बसली होती, पाठ भिंतीला टेकून. पेला हातात सरळ होता. चहा सांडला नव्हता. ती गेली होती.

नंतर डॉक्टर आले. ते म्हणाले, इतकं गारठलेलं माणूस चालवायचं नसतं, बसवायचं नसतं, आडवं ठेवून पांघरूण घालायचं असतं. उभ्याने त्याचं हृदय टिकत नाही. पण तिचा हात कुणी हातात घेतलाच नव्हता, तर ती किती गारठली आहे हे कळणार कसं? त्यांनी तिचा उजवा बूट काढला. तळ बुधवारपासूनच फाटलेला होता. सकाळी फरशी धुताना पाणी आत गेलं होतं आणि ओल्या मोज्याने ती आत आली होती. मोजा निघेना, कापावा लागला. आतली बोटं मेणासारखी होती. डॉक्टर म्हणाले, ही तर दार लागायच्या आधीच गेलेली असणार.

म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नालाच तिचं उत्तर खोटं होतं. तिने एकदा जरी “गेली” म्हटलं असतं, तर आम्ही साडेअकराच्या आतच शेगडीपाशी येऊन बसलो असतो.

इथवर सांगून मी थांबले. बाळी छताकडे बघत होती. सव्वातीन वाजून गेले होते. पण मुख्य गोष्ट राहिलीच होती, आणि ती सांगायला मला जास्त जड गेलं.

ताई गेल्यावर मी पायांना पट्ट्या बांधून घरी आले. डाव्या पायाची दोन बोटं माझीही गेली. घरात माणसं जमली होती. बाळी तीन दिवस रडत होती, आई हवी म्हणून. भाऊजींना तिच्याकडे बघवत नव्हतं, मला तो आवाज सहन होत नव्हता. चौथ्या दिवशी मी तिला समोर उभं केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, रडू नकोस, आई बघ कशी होती, एवढं झालं पण एक शब्द बोलली नाही, तू तिच्यासारखी शहाणी हो. बाळीने माझ्याकडे पाहिलं आणि ती थांबली. नळ बंद करावा तशी. सगळे म्हणाले, आईवर गेलीय. मला केवढं हायसं वाटलं.

त्यानंतर ती कधी रडली नाही. नवव्या वर्षी मनगट मोडलं तेव्हा डाव्या हाताने पेपर लिहून आली आणि मग सांगितलं. कॉलेजात असताना एक स्थळ आलं होतं, ते मोडलं. तिने दुसऱ्या दिवशी उठून कपडे धुतले. दर वेळी लोक म्हणायचे, आईवर गेलीय, आणि दर वेळी मी खूश व्हायचे. वाटायचं, ताईचं काहीतरी मी घरात राखलं आहे. ज्याने तिची आई गेली तेच मी तिला घासाघासाने भरवत होते, आणि हे मला कळत नव्हतं असंही नाही. मला ते बघायचं नव्हतं.

“बाळी,” मी म्हणाले, “मी धीराची होते म्हणून वाचले नाही. माझ्यात धीर नव्हताच. मी बोलत होते म्हणून तुझ्या आईचे हात माझ्याकडे येत होते. ती बोलली असती, तर माझे तिच्याकडे गेले असते. माझेही हात होते गं. तिने मला काही करूच दिलं नाही.”

 घड्याळात पावणेचार होत आले. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी कूस बदलली. मग बाळीने विचारलं, अगदी वर्गात विचारावं तसं, “तू तीस वेळा विचारलंस?”

“हो.”

“आणि ती तीस वेळा खोटं बोलली.”

मी हो म्हणाले. आजवर त्याला खोटं कुणी म्हटलं नव्हतं.

“बुधवारपासून दुखतंय,” बाळी म्हणाली. “आधी कमी होतं. काल रात्रीपासून…” तिने दांडीवरचा हात सोडला. “दोन नाही मावशी. नऊ. साडेनऊ.”

मी उठून नर्सला हाक मारली. परत येऊन तिचा हात धरला तोवर ती रडायला लागली होती. बासष्ट वर्षांची बाई, पण रडणं पाच वर्षांच्या पोरीचं. तोंड वाकडं करून, नाक ओढत. दुखतंय गं, दुखतंय. ही उशी किती कडक आहे. त्या नर्सचे हात किती गार आहेत. मला तहान लागलीय, कुणी पाणी देत नाही. मी सगळ्याला हो हो करत होते. मनातून मला बरं वाटत होतं. आणि मग त्याच सुरात, त्याच दमात ती म्हणाली, “तू मला रडू दिलं नाहीस. माझी आई मेली होती आणि तू मला रडू दिलं नाहीस.”

मी पदराने तिचं नाक पुसलं.

चारला मोठे डॉक्टर आले. त्यांनी पोटाला नुसता हात लावला आणि ती अशी किंचाळली, की बाहेरून माणसं डोकावली. साडेचारच्या आत त्यांनी तिला नेलं. मी बाहेर बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर हात धुवा असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ते मी शंभरदा वाचलं असेल.

तिथे बसल्या बसल्या मला ताईचा राग आला. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा. तिची आठवण आली की मी हळवी व्हायचे, डोळे पुसायचे, लोकांना तिच्या गोष्टी सांगायचे. पण राग कधी आला नव्हता. त्या दिवशी आला. मी बाकावर बसून तिच्याशी भांडले. पाच वर्षांची पोर घरी होती तुझी. एक शब्द सांगायचा होता. मला किरकिरी म्हणत होतात सगळे, मग मला कामाला लावायचं होतं, मी काय नाही म्हणाले असते? माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता का तुझा? आजूबाजूला माणसं होती, म्हणून ओठ न हलवता भांडले. ती नेहमीसारखीच गप्प होती.

सातला डॉक्टर बाहेर आला. जोड सुटला होता, म्हणाला. सगळं धुऊन पुन्हा जोडलंय. दोन दिवस काही सांगता येणार नाही. ते दोन दिवस गेले, मग आणखी आठ गेले, आणि मग बाळीने पहिल्यांदा भाताची पेज मागितली.

आता ती घरी आहे. बारीक झालीय, जिना चढताना मध्येच थांबते. मी कसं आहे विचारलं की पूर्वीसारखं पटकन उत्तर देत नाही. मनाशी मोजून मग खरा आकडा सांगते. तीन. कधी पाच. मी तेवढ्यापुरतं काय करायचं ते करते, शेक देते, गोळी देते. डॉक्टर म्हणाला होता, आजी, तुम्ही वाचवलंत त्यांना. मी त्याला नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

मी तिला रडू दिलं नाही, हे ती पुन्हा कधी बोललेली नाही. परतही घेतलेलं नाही. आम्ही एका टेबलावर जेवतो, वर्तमानपत्रातलं कोडं मिळून सोडवतो, एकमेकींना औषधांची आठवण करून देतो. अधूनमधून ती जेवता जेवता थांबून माझ्याकडे बघते. काही विचारणार असं वाटतं. मी वाट बघते. मग ती ताट उचलून मोरीकडे जाते, आणि नळाच्या आवाजात मी तिला म्हणते, राहू दे, मी घासते. ती म्हणते, नको, तुझे पाय दुखतात.